तसबिरीतून गळालेला टॉबी

व्यक्तिचित्रात माणसाशेजारी पाळीव प्राणी रंगवावा की नाही, हा प्रश्न वरवर चित्रकाराच्या आवडीचा वाटतो. परंतु तिशियनने १५३३ साली रंगविलेल्या सम्राट पाचव्या चार्ल्सच्या चित्रात सम्राटाचा हात कुत्र्याच्या पट्ट्यावर आहे. तिथे कुत्रा ही हुकमतीची खूण आहे.

आपल्याकडे या प्रश्नाला जातीची धार आहे. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता, अस्पृश्य माणसांना होता. २० मार्च १९२७ रोजी ते पाणी हाती घेतले गेले. ऑगस्ट १९३१ मध्ये गांधीजींच्या भेटीतही बाबासाहेबांनी कुत्र्यामांजरांहून हीन वागणुकीचाच दाखला दिला.

आता फेब्रुवारी १९३४ मधील राजगृहातले छायाचित्र पाहावे. यशवंतराव, बाबासाहेब, रमाबाई, वहिनी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद; आणि सोबत लाडका कुत्रा टॉबी. ज्याच्याशी तुलना करून समाजाला हिणवले गेले, त्या मुक्या जिवाविषयी या घरात राग नाही. राग होता तो माणसाला त्याच्याही खाली ढकलणाऱ्या व्यवस्थेवर.

वस्त्यावस्त्यांतून मी पाहिलेल्या रंगीत तसबिरींत मात्र टॉबी कुठेच नाही. निळा कोट, ग्रंथ, उंचावलेले बोट एवढेच उरते. चळवळीला त्या प्रतिमेची गरज होती, हे मान्यच. परंतु त्या भरात घरातला माणूस गळाला.

मावळातील सुदुंबरे येथे संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जातीने तेली. माझ्या पाहण्यातील त्यांच्या चित्रांत लेखणी आहे, पोथी आहे; घाण्याचा बैल नाही. बैल हा लाडाचा प्राणी नव्हे, श्रमाचा सोबती. तरीही संतपण रंगविताना श्रम पुसला जावा, हे मला खटकते.

कोणी म्हणेल, कुत्रा काढला तर बाबासाहेब साहेबी थाटाचे दिसतील. दिसू द्यावेत! उसंत आणि माया ही काय वरच्या आळीची मिरासदारी आहे? ज्यांच्या पूर्वजांना गावाने वेशीबाहेर ठेवले, त्यांच्या नेत्याने आपल्या घरी, आपल्या माणसांत, आपल्या लाडक्या कुत्र्यासह निवांत बसावे, हेही बंडच आहे. आमच्या चित्रकारांनी ते रंगवावे.