पिल्ले ‘स्वार्थी’, आई ‘कडक’?

थंडीत महालातल्या गल्ल्यांत कुत्रीची पिल्ले दिसू लागतात. आई त्यांच्यावर गुरगुरली की आपण म्हणतो, ‘पाहा, शिस्त लावते आहे!’ मुलांना मारण्याच्या समर्थनार्थही हा दाखला दिला जातो.

कोलकात्याच्या ‘आयसर’मधील मानबी पॉल व अनिंदिता भद्रा यांचा भटक्या कुत्र्यांवरील शोधनिबंध (२०१७) वेगळे चित्र दाखवतो. पिल्ले वाढतात तशी आई पाजण्याचे टाळते. पिल्ले मात्र मागत राहतात, संधी मिळताच दुसऱ्या मादीलाही लुचतात. आईला पुढच्या पिल्लांसाठीही शक्ती राखायची असते. रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७४ मध्ये या ओढाताणीची उपपत्ती मांडली. म्हणजे असे गुरगुरणे ही शिक्षा नव्हे, ते दूध तोडणे होय.

निरीक्षणे मोलाची, पण शीर्षकातील ‘स्वार्थी पिल्ले’ आणि ‘दूधचोरी’ हे शब्द आम्हाला खटकतात. संशोधकांना ते रूपक म्हणून कळतात. वर्गात त्यांचा नीतिपाठ होतो.

विद्यार्थ्यांना लांबूनच पाहू द्यावे आणि फक्त क्रिया लिहायला सांगावे: गुरगुरली, उठून गेली, पंजा टाकला, खेळली. ‘रागावली’, ‘शिक्षा केली’ हे आपले शब्द आहेत, कुत्रीचे नव्हेत.