सायकलला मोजमाप हवे का?

नववीत शिकणाऱ्या एका मुलाने मध्यंतरी आमच्यापुढे दोन आकडे ठेवले. घरापासून शाळा आणि परत घर, एवढाच त्याचा सायकलचा प्रवास. हँडलवरच्या सायकलोमीटरने त्याचे अंतर दाखवले ८.६२ किलोमीटर आणि खिशातल्या मोबाइलने ८.४१. "यातलं खरं कोणतं?" असा त्याचा प्रश्न होता. मुलगा थोडा खट्टूच होता, कारण मोबाइलचे अंतर खरे मानले तर त्याची सरासरी चाल मित्राच्या चालीपेक्षा कमी भरत होती.

सायकलस्वाराने अशी उपकरणे वापरावीत का, याचे उत्तर देण्याआधी ती काय मोजतात ते पाहू.

सायकलोमीटर अंतर मोजत नाही, तो फेरे मोजतो. पुढच्या चाकाच्या स्पोकवर एक लहान चुंबक बसवलेला असतो आणि चिमट्यावर चुंबक जवळ येताच बंद होणारी एक छोटी कळ. दर फेऱ्याला एक ठोका. या ठोक्यांना चाकाच्या परिघाने गुणले की अंतर मिळते. परिघ मात्र आपणच उपकरणाला सांगायचा असतो. या मुलाच्या उपकरणात तो २.२० मीटर भरलेला होता. आम्ही त्याला सायकलवर बसवले, टायरवर खडूची खूण केली आणि सायकल फरशीवरून दहा फेरे सरळ ढकलत नेली. अंतर भरले २१.६ मीटर, म्हणजे परिघ २.१६ मीटर. स्वाराच्या वजनाने टायर दबतो, हवा कमी असेल तर आणखी दबतो. नवा परिघ घेतला तर ८.६२ चे झाले ८.४६.

मोबाइलची पद्धत निराळी. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संकेत किती वेळात पोचले यावरून तो स्वतःचे स्थान ठरवतो. प्रकाश सेकंदाच्या एक अब्जांश भागात ३० सेंटिमीटर जातो, तेव्हा वेळेतली बारीकशी चूकही स्थानात मीटरांची चूक होऊन उतरते. मोकळ्या मैदानात ही चूक काही मीटरांची असते, उंच इमारतींच्या गल्लीत ती वाढते. शिवाय मोबाइल ठरावीक अंतराने घेतलेले बिंदू सरळ रेषेने जोडतो. त्यामुळे वळणे कापली जातात आणि अंतर कमी भरू शकते. उरलेला ५० मीटरांचा फरक अशा कारणांनी सहज पडू शकतो.

तेव्हा मुलाच्या प्रश्नाचे उत्तर असे, की दोन्ही आकडे अंदाज आहेत. पडद्यावर दशांश चिन्हापुढे दोन अंक दिसतात म्हणून अचूकताही तितकी असते असे नाही. हे एवढे जरी वर्गाला कळले तरी उपकरणाची किंमत वसूल झाली असे आम्ही म्हणू.

आमचा खरा आक्षेप अंतराबद्दल नाही, चालीबद्दल आहे. उपकरण चाल दाखवते आणि मुले ती स्वतःचे गुण म्हणून वाचतात. पण चाल ही एकट्या स्वाराची नसते. समजा ताशी १५ किलोमीटर चालीने जाताना समोरून ताशी १० किलोमीटरचा वारा आला. हवेचा रोध सापेक्ष चालीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १५ च्या जागी २५ आले, म्हणजे रोध जवळजवळ पावणेतीन पट झाला. चाल तीच ठेवायची तर कष्ट बरेच वाढले, पण पडद्यावर १५ च दिसणार. चढाचेही तसेच. ५ किलोमीटरचा घाट ताशी १० ने चढला आणि ताशी ३० ने उतरला, तर सरासरी २० नाही, १५ येते. कारण चढायला ३० मिनिटे गेली, उतरायला फक्त १०. चढावर केलेली धडपड उतारावर भरून निघत नाही.

मोठ्या विक्रमांनाही हा नियम चुकलेला नाही. बेल्जियमच्या एडी मर्क्सने १९७२ मध्ये एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापले, ते समुद्रसपाटीपासून दोन हजारांहून अधिक मीटर उंचीवरच्या मेक्सिको सिटीत. तेथील विरळ हवेचा रोध कमी. इटलीच्या फिलिप्पो गान्नाने २०२२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ५६.७९२ किलोमीटर केले, पण मधल्या पन्नास वर्षांत सायकल, पोशाख आणि बसण्याची ढब सारेच बदलले होते. दोन्ही आकडे काटेकोर मोजलेले आहेत, तरी कोण अधिक ताकदवान हे त्यांच्यावरून सांगता येत नाही. स्वाराचे कष्ट मोजायचे तर क्रँकवर पडणारा जोर मोजावा लागतो. जर्मनीच्या उलरिख शोबेरर यांनी १९८६ मध्ये तसे उपकरण बनवले. शर्यतपटूंना त्याचा उपयोग आहे. शाळेत जाणाऱ्या मुलाला त्याची गरज नाही.

आकड्याच्या मागे लागण्याची किंमत मात्र त्याला मोजावी लागते. कालचा आकडा मोडायचा म्हणून तो चौकात ब्रेक लावायला नाखूश होतो, रस्त्याऐवजी पडद्याकडे पाहतो. जिच्या कॅरिअरवर दोन दप्तरे आणि धाकटा भाऊ आहे, ती मुलगी यादीत शेवटी दिसते आणि स्वतःला कमी समजते. दुसरी किंमत दिसत नाही. स्ट्राव्हा या कंपनीने आपल्या वापरकर्त्यांच्या नोंदींचा जागतिक नकाशा २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यार्थ्याच्या लक्षात आले, की त्यात अनेक लष्करी तळांच्या आतल्या वाटा उजळून दिसत आहेत. सैनिकांच्या वाटा जर अशा उघड होतात, तर रोज एकाच वेळी एकाच रस्त्याने जाणाऱ्या मुलीची वाट जगाला दाखवावी का, याचा विचार शिक्षकांनी आणि पालकांनी करायला हवा.

म्हणून उपकरणे फेकून द्या असे आम्ही म्हणत नाही. लांबच्या पल्ल्याची तयारी करणाऱ्याला, आजारपणानंतर हळूहळू व्यायाम वाढवणाऱ्याला नोंदी उपयोगी पडतात, कारण त्यांच्या मनात प्रश्न आधी असतो आणि आकडा नंतर येतो. आमची हरकत उलट्या क्रमाला आहे.

वर्गात हा क्रम सरळ करता येईल. मुलांना सायकलचा परिघ मोजू द्या, एकदा हवा कमी करून आणि एकदा भरून. मैदानाची एक फेरी टेपने मोजा आणि उपकरणाच्या आकड्याशी ताडून पाहा. वाऱ्याच्या दिशेने आणि वाऱ्याविरुद्ध तेच अंतर, साधारण तेवढाच जोर लावून, घड्याळ लावून कापा. मग विचारा, "आज कमी चाल आली, त्यात तुझा वाटा किती आणि वाऱ्याचा किती?"

तो मुलगा हल्ली सायकलोमीटर वापरतो, पण चालीचा आकडा पाहायचा सोडून त्याने वहीत एक नवा रकाना आखला आहे. त्यात तो वाऱ्याची दिशा लिहितो.