श्रीपत शेषाद्रि व धनजीभाई नवरोजी : दोन कुमारांच्या धर्मनिष्ठेचीं साधनें

मुंबईंत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मिशनच्या शाळांवरून जे वाद माजले, त्यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे; परंतु त्या लिखाणांत डॉक्टर विल्सन आहेत, सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश आहेत, आचार्य बाळशास्त्री जांभेकर आहेत, आणि ज्याच्यावरून वाद झाला तो मुलगाच काय तो नाहीं. त्याच्या निष्ठेचा उल्लेख सर्वत्र सांपडतो; तो उल्लेख कोणीं, केव्हां व कशासाठीं केला हें तपासलेलें मात्र क्वचितच आढळतें. प्रस्तुत लेखांत तेंच करण्याचें योजिलें आहे.

पहिलें प्रकरण इ. स. १८३९ चें. धनजीभाई नवरोजी हा सोळा-सतरा वर्षांचा पारशी विद्यार्थी. त्यानें त्या सालच्या मे महिन्यांत स्कॉटिश मिशनमध्यें बाप्तिस्मा घेतला. आप्तांनीं हेबिअस कॉर्पसचा हुकूम काढवून त्यास कोर्टापुढें आणविलें. कोर्टानें त्यास स्वतःच्या बुद्धीनें वागण्याइतका जाणता मानून इच्छेस येईल तिकडे जाण्यास मोकळीक दिली, व तो विल्सनसाहेबांकडे परत गेला. मिशनच्या शाळेंतून पारशी मुलें भराभर काढून घेण्यांत आलीं.

दुसरें प्रकरण चार वर्षांनंतरचें. नारायण शेषाद्रि या ब्राह्मण तरुणानें १८४३ त ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरीं जाऊन राहिला होता. त्याचें वय सुमारें बारा वर्षांचें. पित्यानें कोर्टांत दाद मागितली, आणि न्यायमूर्ति सर अर्स्किन पेरी यांनीं मुलगा अल्पवयी ठरवून त्यास बापाच्या स्वाधीन केलें. मूर्तिपूजा करण्याची आपणांवर सक्ति होणार काय, असें त्यानें रडत विचारल्याचें मिशनच्या पक्षाकडील वृत्तांतांत येतें.

आतां साधनांकडे वळूं. धनजीभाईंचें इंग्रजी आत्मवृत्त १९०९ त प्रसिद्ध झालें. झरतुष्ट्राकडून ख्रिस्ताकडे, असा त्याच्या नांवाचा आशय. जो प्रवास मुलानें कोठें जाणार हें न कळतां आरंभिला, तो वृद्धानें मुक्काम गांठल्यावर सांगितला आहे. मधल्या काळांत धनजीभाई विल्सनसाहेबांबरोबर स्कॉटलंडास जाऊन दीक्षित उपदेशक होऊन परत आले. आयुष्यभर प्रवचनें केलेल्या मनुष्याची भाषा कुमाराच्या तोंडीं बसविली जाणें अपरिहार्यच होतें. म्हणून तें टाकाऊ असें आम्ही म्हणत नाहीं. घटनांच्या क्रमासाठीं तें उपयोगी आहे. १८३९ सालच्या मनःस्थितीसाठीं मात्र त्यावर एकट्यावर विसंबूं नये, इतकेंच. तरी धनजीभाईंस बोलावयास मिळालें, ही मोठी गोष्ट होय.

श्रीपतास तें भाग्य लाभलें नाहीं. तो आपणांस दिसतो तो दुसऱ्यांच्या लेखांतून. त्यांपैकीं एक बाजू जॉर्ज स्मिथ यांच्या १८७८ सालच्या विल्सनचरित्राची. चरित्रकारास विल्सनसाहेबांचे कागद उपलब्ध होते व त्यांचा त्यानें नेटका उपयोग केला आहे. परंतु नायक विल्सन असल्यामुळें श्रीपताचे अश्रू हे गुरूच्या यशाचे साक्षी होऊन बसतात. दुसरी बाजू जांभेकरांच्या चरित्रकारांची. त्यांच्या लेखांचा विस्तृत संग्रह १९५० त पुण्यास निघाला. मिशनऱ्यांच्या घरीं राहून अन्न घेतलेल्या मुलास प्रायश्चित्त देऊन ज्ञातींत घ्यावें, या मतासाठीं बाळशास्त्र्यांनीं सनातन्यांचा रोष पत्करला. त्यांचें धैर्य निर्विवाद आहे. पण येथेंही मुलगा शुद्धीचा विषय आहे, बोलणारा कोणी नव्हे. प्रायश्चित्त घेणाऱ्यास तें हवें होतें काय, हा प्रश्न शुद्धीच्या बाजूच्यांस सुचला नाहीं व विरुद्ध बाजूच्यांसही नाहीं.

पेरीसाहेबांचा निर्णय आम्हांस कायद्याच्या दृष्टीनें चुकीचा वाटत नाहीं. आपल्या धर्मशास्त्रांतही सोळाव्या वर्षापर्यंत मनुष्य बालच गणला आहे. मात्र मुलगा कोणाच्या ताब्यांत असावा हा एक प्रश्न, आणि त्याची श्रद्धा खरी होती कीं नाहीं हा दुसरा. पहिल्याचें उत्तर दुसऱ्यास लावून मोकळें होण्याची चूक नंतरच्या लेखकांनीं केली. प्रल्हादाचें आख्यान ऐकतांना त्याचें वय कोणी विचारीत नाहीं, आणि बापाच्या आज्ञेचा भंग केला म्हणून त्यास कोणी दोषही देत नाहीं. तीच मोकळीक श्रीपतास देण्यास श्रोते तयार नव्हते, कारण त्याचा देव परका होता. उलट पक्षीं, मिशनऱ्यांनाही प्रल्हाद पसंत पडला असता असें नव्हे!

वऱ्हाडांतील वाचकांस हें प्रकरण दूरचें वाटूं नये. १८४३ त दर्यापूर परगणा निजामाच्या अमलाखालीं होता. तो मुलूख इंग्रजी कारभारांत आला तो १८५३ च्या तहानें. मुंबईच्या कोर्टाचा हुकूम येथें चालत नव्हता. असा तंटा येथें उद्भवता तर तो ब्रह्मवृंद व स्थानिक अंमलदार यांच्यापुढेंच गेला असता, आणि त्याचे कागद मोडींत झाले असते. पुढें नारायण शेषाद्रि यांनीं आपलें कार्य जालन्यास नेलें व तेथें बेथेल नांवाची ख्रिस्ती वसाहत वसविली. जालना म्हणजे वऱ्हाडच्या सीमेलगतचाच मुलूख.

म्हणून दर्यापूर, अंजनगांव, अचलपूर या बाजूच्या संग्राहकांस आमची विनंती आहे. शास्त्री-जोश्यांच्या घरचे रुमाल सोडतांना सनदा, वंशावळी व पोथ्या यांकडे आपलें लक्ष प्रथम जातें, आणि निर्णयपत्रें, शुद्धिपत्रें, जुन्या जन्मपत्रिका बाजूस पडतात. जन्ममृत्यूची सरकारी नोंद नव्हती तेव्हां मुलाच्या वयाचा लेखी पुरावा म्हणजे जन्मपत्रिका. ती कुळाच्या कागदांपासून वेगळी काढली कीं तिचें अर्धें मोल गेलें. कागद कोणत्या घरीं, कोणत्या रुमालांत, कशाबरोबर बांधलेला सांपडला हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. आणि कोठें एखाद्या मुलाच्या स्वतःच्या हातचें पत्र निघाल्यास, मग तें कितीही अशुद्ध असो, त्याची नक्कल शब्दशः करावी, सुधारून नव्हे.