मोबाईलवरील खेळ आणि कन्सोल-संगणकावरील खेळ : बरोबरीच्या प्रश्नाची चिकित्सा

प्रास्ताविक :

मराठीत ‘खेळ’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. मुले अंगणात मांडतात तो खेळ, आणि नाट्यगृहात वा तमाशाच्या फडात रंगतो तोही खेळच. व्हिडिओ गेम या प्रकारात हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. तो खेळला जातो आणि त्याच वेळी पाहिला-ऐकलाही जातो. त्यात नियम असतात, तसेच कथानक, पात्रे, चित्र आणि संगीतही असते. त्यामुळे त्याचा विचार केवळ तंत्रज्ञानाच्या अंगाने करणे अपुरे ठरते. तो समीक्षेचाही विषय आहे.

या क्षेत्रात गेली अनेक वर्षे एक वाद चालू आहे. मोबाईलवरील खेळ हा कन्सोल व संगणकावरील खेळाची बरोबरी करू शकतो काय, असा तो वाद होय. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेतील अनाहाइम येथे ब्लिझर्ड या कंपनीच्या मेळाव्यात याचे बोलके दर्शन घडले. संगणकावर गाजलेल्या ‘डायब्लो’ मालिकेतील ‘डायब्लो इमॉर्टल’ हा नवा खेळ मोबाईलसाठी येत असल्याचे जाहीर होताच सभागृहातून नापसंती उमटली. ही एप्रिल फूलची थट्टा आहे काय, असे एका श्रोत्याने विचारले. तर तुम्हा मंडळींकडे फोन नाहीत काय, असा प्रश्न व्यासपीठावरून श्रोत्यांना केला गेला.

त्या श्रोत्यांकडे फोन होते. मात्र त्यांच्या घरी संगणकही होते. म्हणून मोबाईल त्यांना दुय्यम वाटला. आपल्या महाविद्यालयांतील, विशेषतः ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांची स्थिती नेमकी उलट आहे. त्यांच्यापैकी बहुतेकांकडे फोन हे एकच साधन आहे. प्रस्तुत लेखकाने वर्गात कथानक ही संकल्पना शिकविताना उदाहरणे विचारली असता, कादंबरीच्या आधी मोबाईलवरील खेळांची नावे पुढे आली. म्हणूनच हा वाद आपल्या दृष्टीने परका राहत नाही. मोबाईलवरील खेळ मुळातच कमअस्सल असेल, तर या विद्यार्थ्यांच्या वाट्याला आलेला अनुभवही कमअस्सल ठरतो. तो तसा आहे काय, हे तपासणे अगत्याचे आहे.

उद्दिष्टे :

१. ‘बरोबरी’ या शब्दाने नेमके काय अभिप्रेत आहे, ते स्पष्ट करणे.
२. निवडक खेळांच्या आधारे मोबाईल या माध्यमाच्या शक्ती व मर्यादा तपासणे.
३. मोबाईलवरील खेळाचे न्यूनत्व माध्यमात आहे की अन्यत्र, याचा शोध घेणे.

सदर विवेचनासाठी विश्लेषणात्मक व तौलनिक पद्धतीचा अवलंब केला आहे.

१. सामर्थ्याची बरोबरी :

या वादात सर्वप्रथम यंत्राच्या शक्तीचा मुद्दा मांडला जातो. १९९७ साली नोकियाच्या फोनवर आलेल्या ‘स्नेक’मध्ये काही ठिपक्यांचा साप तेवढा होता. २००३ मध्ये नोकियानेच ‘एन-गेज’ हा खेळांसाठीचा फोन काढला, परंतु तो रुजला नाही. २००८ मध्ये अ‍ॅपलचे अ‍ॅप स्टोअर सुरू झाल्यानंतर चित्र पालटले. सप्टेंबर २०२० मध्ये शांघायच्या मिहोयो या कंपनीचा ‘जेनशिन इम्पॅक्ट’ हा विस्तीर्ण जगाचा खेळ मोबाईल, संगणक आणि प्लेस्टेशन ४ यांवर एकाच वेळी प्रसिद्ध झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘रेसिडेंट इव्हिल व्हिलेज’ हा मूळचा कन्सोल-संगणकावरील खेळ आयफोन १५ प्रो या फोनवर उतरला.

अर्थात अंतर पूर्णपणे मिटलेले नाही. प्लेस्टेशन ५ हे यंत्र खेळ चालू असताना दोनशे वॉटच्या आसपास वीज घेऊ शकते, त्याला पंखा असतो आणि ते भिंतीतल्या विजेवर चालते. खिशातल्या फोनला मोजक्या वॉटमध्ये भागवावे लागते. तो तापला की स्वतःचा वेग कमी करतो. ही भौतिक मर्यादा आहे आणि ती पुढेही राहील. तथापि ज्या चित्रणाला एकेकाळी मोठे यंत्र लागे, ते आज फोनवर दिसते, हेही तितकेच खरे. म्हणून केवळ शक्तीच्या निकषावर मोबाईलला बाद ठरविता येत नाही.

२. हाताळणी आणि रूपबंध :

याहून महत्त्वाचा मुद्दा हाताळणीचा आहे. कन्सोलच्या खेळाडूच्या हातात कळा व दांड्या असतात. बोटांना त्यांचा उंचवटा जाणवतो आणि नजर पडद्यावर मोकळी राहते. मोबाईलच्या गुळगुळीत काचेवर बोटाला असा आधार नसतो. शिवाय ज्या काचेवर चित्र दिसते त्याच काचेवर बोट ठेवावे लागत असल्याने खेळणारा हात पाहण्याच्या आड येतो.

‘पबजी’ या खेळाच्या दोन रूपांची तुलना येथे उद्बोधक ठरते. संगणकावर तो २०१७ मध्ये आला, तर मोबाईलवर २०१८ मध्ये. शंभर खेळाडू, आक्रसत जाणारे रणक्षेत्र आणि शेवटी उरणारा एक, ही मांडणी दोन्हीकडे सारखीच. संगणकावर शत्रूच्या पावलांचा कानोसा घ्यावा लागतो. मोबाईलवर पावलांची खूण नकाशावरच उमटते, वस्तू आपोआप उचलल्या जातात आणि नेम धरण्यासही साहाय्य मिळते. म्हणजे काचेमुळे जे हरवते त्याची भरपाई नियम सैल करून केली जाते. दुसरीकडे, फोन किंचित कलता करून नेम साधण्याची सोय आणि चार बोटांनी खेळण्याची खेळाडूंनी कमावलेली लकब ही संगणकावर नसलेली कौशल्येही याच खेळाने जन्माला घातली. तरीही हे मूलतः दुसऱ्या माध्यमातून केलेले रूपांतर आहे, याची जाणीव खेळताना पुसली जात नाही.

याउलट जे खेळ काच आणि बोट यांच्या नात्यातूनच घडले, त्यांचा अनुभव वेगळा आहे. लंडनच्या असटू गेम्स या संस्थेचा ‘मॉन्युमेंट व्हॅली’ (२०१४) हा असा खेळ होय. डच चित्रकार एशर यांच्या अशक्य वास्तूंशी नाते सांगणाऱ्या इमारतींमधून आयडा ही राजकन्या चालत जाते. खेळाडू बोटाने वास्तूचा एखादा भाग फिरवितो आणि तुटलेले दोन जिने दृष्टिभ्रमाने जोडले जातात. फोन येथे हातात धरलेल्या खेळण्याच्या पेटीसारखा वाटतो. अवघ्या दहा प्रकरणांचा हा खेळ थोड्या वेळात संपतो, पण त्यात उणेपणा जाणवत नाही. २०२२ मध्ये तो संगणकावर नेताना रुंद पडद्यासाठी त्याची चौकट वाढवावी लागली. येथे मूळ कृती मोबाईलची आहे आणि रूपांतर संगणकाचे.

‘मॉन्युमेंट व्हॅली’चे प्रमुख रचनाकार केन वाँग यांनी पुढे मेलबर्नमध्ये माउंटन्स ही संस्था काढून ‘फ्लॉरेन्स’ (२०१८) हा खेळ केला. पंचवीस वर्षांची फ्लॉरेन्स आणि चेलो वाजविणारा, भारतीय वंशाचा क्रिश यांची ही प्रेमकथा. पहिल्या भेटीत दोघांचे बोलणे सुरू होते तेव्हा खेळाडूला चित्रकोड्याचे अनेक तुकडे जुळवून संवादाचा फुगा पूर्ण करावा लागतो. ओळख वाढते तसे तुकडे कमी होत जातात. बोलणे सोपे होते. भांडणात त्याच तुकड्यांना टोकदार कडा येतात. क्रिश राहायला येतो तेव्हा फळीवर कोणाची कोणती वस्तू राहील, हे खेळाडूनेच ठरवायचे असते. पुढे तो जातो तेव्हा त्याचे सामानही खेळाडूच्याच बोटांनी आवरावे लागते. येथे आशय आणि कृती यांची फारकत उरत नाही. संवाद अवघड आहे हे शब्दांत सांगितले जात नाही, ते बोटांना कळते. हा खेळ पुढे संगणकावरही गेला. परंतु माउसने तुकडा सरकविणे आणि तो बोटाने उचलणे यांत अंतर राहतेच.

एकांकिकेला लांबीमुळे नाटकाहून कमी लेखू नये, ही भूमिका मराठी नाट्यरसिकाला नवी नाही. तोच न्याय येथेही लागू होतो. रूपबंध माध्यमाशी एकजीव झाला असेल, तर लहान आकार हे न्यून ठरत नाही.

३. अवधान आणि घडविण्याचे स्वातंत्र्य :

मोबाईलच्या दोन मर्यादा मात्र प्रांजळपणे मान्य केल्या पाहिजेत. पहिली अवधानाची. डच इतिहासकार योहान हाउझिंगा यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात खेळ हा दैनंदिन जीवनापासून अलग केलेल्या स्थळ-काळात घडतो, असे प्रतिपादन केले. कन्सोलसमोर बसणे म्हणजे असे रिंगण आखून घेणे होय. फोनवर हे रिंगण सहज पुसले जाते. खेळ रंगात असताना घरचा फोन येतो, निरोप येतो, बसचा थांबा येतो. त्यामुळे तासन्‌तास चालणारे, हळूहळू उलगडणारे कथानक फोनवर पेलणे कठीण जाते. फोनचा खेळ तुकड्यातुकड्यांनी जगतो.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. संगणकावरील अनेक खेळ खेळाडूला उघडून पाहता येतात, बदलता येतात. ‘हाफ-लाइफ’ या खेळात खेळाडूंनी केलेल्या बदलातून ‘काउंटर-स्ट्राइक’ जन्मले. ‘पबजी’ची कल्पनाही ब्रेंडन ग्रीन यांनी संगणकावरील दुसऱ्या खेळात केलेल्या अशाच बदलातून वाढली. म्हणजे आपल्याकडील तरुणांनी फोनवर जो खेळ डोक्यावर घेतला, त्याचा उगम फोनवर सहसा होऊ शकला नसता. फोन हे सर्वसामान्य खेळाडूच्या दृष्टीने बंदिस्त साधन आहे. त्यावर खेळता येते, पण खेळ घडविण्यासाठी अखेर संगणकाकडेच वळावे लागते. आस्वादाच्या बाबतीत मोबाईल बरोबरी करू शकतो. निर्मितीच्या बाबतीत तो मागे राहतो.

४. विक्रीची रीत :

‘डायब्लो इमॉर्टल’ जून २०२२ मध्ये प्रत्यक्ष बाजारात आला तेव्हा हाताळणी व चित्रण याबाबत त्याची बरीच प्रशंसा झाली. टीका झाली ती पैसे काढण्याच्या रीतीवर. खेळ फुकट, मात्र पात्राचे बळ वाढविणारी दुर्मिळ रत्ने मिळण्याची शक्यता पैसे देऊन वाढविता येते आणि ती मिळतीलच असे नाही. बेल्जियम व नेदरलँड्स या देशांत अशा सोडतींबाबतच्या कायद्यांमुळे तो प्रसिद्धच झाला नाही. ‘जेनशिन इम्पॅक्ट’मध्येही पंचतारांकित पात्र मिळण्याचे मूळ प्रमाण एका सोडतीस ०.६ टक्के आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. ‘डायब्लो इमॉर्टल’ मोबाईलबरोबरच संगणकावरही आला आणि तेथेही हीच खरेदी होती. २०१७ मध्ये ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ या कन्सोल-संगणकावरील खेळातील सोडतींवर इतका गदारोळ झाला की कंपनीला ती खरेदी काही काळ थांबवावी लागली. म्हणजे हा दोष काचेचा नाही, विक्रीचा आहे. तो मोबाईलवर अधिक फोफावला, कारण तेथील ग्राहकाला आधी पैसे मोजण्याची सवय नाही. निन्टेन्डोने २०१६ मध्ये ‘सुपर मारिओ रन’ हा खेळ एकदाच किंमत घेऊन विकण्याचा प्रयत्न केला, तेव्हा उत्पन्न अपेक्षेपेक्षा कमी आले. त्याच कंपनीच्या सोडतीवर चालणाऱ्या ‘फायर एम्ब्लेम हीरोज’ने मात्र त्याहून अधिक कमाई केली.

या रीतीचा परिणाम कलाकृतीवर होतो. जो खेळ अडथळा विकतो, त्याला अडथळा मुद्दाम कंटाळवाणा करावा लागतो, आणि मग कथानकाची गती कथेच्या गरजेने न ठरता दुकानाच्या गरजेने ठरते. मोबाईलवरील अनेक खेळ बरोबरीत कमी पडतात ते या ठिकाणी.

५. आपल्याकडील संदर्भ :

प्लेस्टेशन ५ हे कन्सोल फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात आले तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. २०१६ नंतर स्वस्त झालेल्या इंटरनेटमुळे साधा फोन मात्र खेड्यापाड्यांत पोहोचला. या विषमतेचे एक उदाहरण आपल्या घरचेच आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने भारतीय पुराणकथांवर आधारित ‘राजी’ हा खेळ केला. तो २०२० मध्ये सर्वप्रथम निन्टेन्डो स्विच या कन्सोलवर आला, आणि ते कन्सोल त्या वेळी भारतात अधिकृतपणे विकलेही जात नव्हते. पुण्यात घडलेली कृती पुण्याजवळच्या खेड्यातील विद्यार्थ्यापर्यंत पोहोचण्यास साधनच आड आले.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. ई-स्पोर्ट्सना त्याने वेगळे स्थान दिले. परंतु एखादा खेळ कायदेशीर असणे आणि तो चांगला असणे या भिन्न गोष्टी आहेत. चांगल्या-वाइटाचा निवाडा समीक्षेनेच करावयाचा असतो.

निष्कर्ष :

१. यंत्रशक्तीच्या बाबतीत मोबाईल आणि कन्सोल-संगणक यांतील अंतर बरेच कमी झाले आहे; ते पूर्ण मिटणार नाही, पण निर्णायकही नाही.
२. मोबाईलच्या स्वभावातून घडलेले खेळ कलात्मकदृष्ट्या बरोबरीचे ठरतात. अन्य माध्यमातून आणलेले खेळ तडजोड करूनच उभे राहतात.
३. दीर्घ अवधान आणि निर्मितीचे स्वातंत्र्य याबाबत मोबाईल मागे आहे.
४. मोबाईलवरील खेळाचे मोठे न्यून माध्यमात नसून विक्रीच्या रीतीत आहे, आणि म्हणून ते टाळता येण्याजोगे आहे.

समारोप :

आपल्या विद्यार्थ्याच्या हातातील फोनकडे प्राध्यापकवर्ग सामान्यतः दोनच नजरांनी पाहतो. वर्गात तो खिशात ठेवावा, आणि परीक्षेत बाहेर. त्या फोनवर ‘फ्लॉरेन्स’ही उघडू शकते आणि शंभर रुपयांची सोडतही. या दोहोंतील भेद विद्यार्थ्याला कोणीतरी दाखवून द्यावा लागतो. कादंबरीतील सकस आणि हिणकस यांचा विवेक ज्या तासाला शिकविला जातो, त्याच तासाला हेही शिकविता येईल. तसेच खेळणाऱ्या विद्यार्थ्याला घडविण्याची संधी मिळावी असे वाटत असेल, तर महाविद्यालयाच्या संगणक कक्षाचे दार तासिकेनंतरही उघडे राहणे आवश्यक आहे. फोन जे देऊ शकत नाही, ते तेथे मिळू शकते.