सायकलचे अंतर आणि दशांशचिन्ह

सायकलफेरीचे अंतर सांगणारी मोबाइल ॲप्स आता खेड्यापाड्यांत पोचली आहेत. फेरी संपताच पडद्यावर '३.०७ किलोमीटर' असा आकडा येतो. त्यातील ७ वर कितपत विश्वास ठेवावा? प्रश्न केवळ हौसेचा नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांनुसार सहावी ते आठवीची शाळा वस्तीपासून ३ किलोमीटरच्या आत असणे अपेक्षित आहे. अंतर २.९ की ३.१, याला एखाद्या पाड्याच्या दृष्टीने मोठा अर्थ असतो.

प्रथम ॲप्सची जमेची बाजू पाहू. फोन उपग्रहांचे संकेत केवळ ऐकतो. म्हणून रेंज नसलेल्या रस्त्यावरही स्थान कळते. नागरी संकेतांत मुद्दाम घातलेली चूक अमेरिकेने मे २००० मध्ये काढून टाकली. आज मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनच्या स्थानात सुमारे ५ मीटरची चूक राहते.

त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूलचा परिसर मात्र डोंगरांचा, वळणांचा. डोंगर आकाशाचा काही भाग झाकतो, झाडी संकेत क्षीण करते आणि चूक वाढते. शिवाय ॲप रस्ता मोजत नाही. थोड्या थोड्या वेळाने घेतलेले बिंदू सरळ रेषांनी जोडते. यातून दोन परस्परविरुद्ध दोष निर्माण होतात. बिंदू रस्त्याच्या डावी-उजवीकडे पडले की रेषा नागमोडी होते व अंतर वाढते. वळणावर चापाऐवजी जीवा मोजली गेली की ते घटते. १५ मीटर त्रिज्येच्या अर्धवर्तुळाकार वळणाचा चाप ४७ मीटर, तर जीवा ३० मीटर! दोन्ही दोषांनी एकमेकांना खोडून उत्तर बरोबर आले, तर तो योगायोग म्हणावा; अचूकपणा नव्हे.

उंचीची गत याहून वाईट. सारे उपग्रह आपल्या वरच्या बाजूला, खाली एकही नाही. म्हणून उंचीतील चूक आडव्या चुकीपेक्षा मोठी असते. चढाची बेरीज करताना तर हे खोटे चढउतारही साठत जातात.

चूक होते, याबद्दल आमची तक्रार नाही. प्रत्येक मापनात ती असतेच. फोनची यंत्रणा प्रत्येक स्थानासोबत त्रुटीचा अंदाजही देते. बहुतेक ॲप्स अंतिम आकड्याशेजारी मात्र तसा कोणताच अंदाज देत नाहीत आणि दशांशचिन्हापुढील अंक ऐटीत मांडतात. आमचा आक्षेप आहे तो यावर.

पडताळा शाळेतच घेता येईल. सायकलच्या टायरवर खडूची खूण करा. स्वार बसलेला असताना चाकाचे १० फेरे सरळ रेषेत होऊ द्या आणि ते अंतर टेपने मोजा. मोठ्या चाकाच्या सायकलला ते सुमारे २२ मीटर भरेल. टेपने मोजण्यात ५ सेंटिमीटर चूक झाली, तरी ३ किलोमीटरमागे फरक जेमतेम ७ मीटरचा. मग त्याच रस्त्यावर फेरे मोजत जा. सोबत दोन-तीन फोनही चालू ठेवा आणि हीच फेरी पाच वेळा करा. विद्यार्थ्यांनी सरासरीबरोबर सर्वांत लहान व सर्वांत मोठा आकडाही फळ्यावर लिहावा. पाड्याचे अंतर ठरवताना हे तिन्ही आकडे पुढे ठेवावेत. एकट्या ॲपचा शब्द प्रमाण मानू नये.