पुनरागमनाची किंमत कोण मोजतो?

अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्सबद्दलची सर्वांत जुनी तक्रार म्हणजे तिथे मेलेलं कुणी मेलेलं राहत नाही. तक्रार खरी आहे, पण अपुरी आहे. सुपरमॅन १९३८ पासून आणि बॅटमॅन १९३९ पासून अखंड चालू आहे. जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी सुपरमॅनचे हक्क अवघ्या १३० डॉलरना प्रकाशकाला दिले आणि तेव्हापासून नायक कंपनीच्या मालकीचा झाला. लेखक येतात-जातात, अंक मात्र ठरल्या दिवशी निघतो. अशा कथेला शेवट परवडत नाही. उंबेर्तो एको यांनी १९६२ मध्येच याची मीमांसा केली होती: नायक काही करू लागला की काळ पुढे सरकतो, काळ सरकला की मरण जवळ येतं, म्हणून या कथांना काळच धूसर ठेवावा लागतो.

तेव्हा पुनरागमन हे या कलेच्या रचनेतच आहे. समीक्षकाने विचारायचा प्रश्न पुढचा आहे. कुणी मेल्यावर त्याच्या माघारी जी माणसं उरली, त्यांनी त्या दुःखातून जे काही कमावलं, ते नायक परतल्यावर शाबूत राहतं का? या कसोटीवर गेल्या पन्नास वर्षांतल्या गाजलेल्या मृत्यूंकडे पाहिलं, तर चांगलं आणि वाईट लगेच वेगळं होतं.

सुरुवात स्पायडर-मॅनची प्रेयसी ग्वेन स्टेसी हिच्यापासून करायला हवी. ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’चा जून १९७३ चा, १२१ वा अंक. लेखक जेरी कॉनवे, चित्रकार गिल केन. ग्रीन गॉब्लिन ग्वेनला पुलावरून खाली फेकतो, स्पायडर-मॅनचं जाळं तिचा पाय पकडतं आणि त्याच चौकटीत तिच्या मानेजवळ एक छोटासा ‘स्नॅप’ उमटलेला दिसतो. तो तिला वर खेचतो, आपल्या कौशल्यावर खूश होऊन तिच्याशी बोलतो, आणि मग त्याच्या लक्षात येतं. तिला फेकणारा दुसरा होता, पण तिची मान मोडली ती त्याच्या जाळ्याने, ही शक्यता त्या इवल्या अक्षरांनी कायमची लिहून ठेवली.

पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते पुढच्या अंकाचं शेवटचं पान. स्पायडर-मॅनच्या, म्हणजे पीटरच्या, घरी मेरी जेन येते. तोवर ती मौजमजेत रमणारी, कशाचंच ओझं न घेणारी मुलगी. तो तिला वाट्टेल ते बोलतो, निघून जा म्हणतो. रडवेली होऊन ती दारापर्यंत जाते, थबकते, आणि दार आतून लावून घेते. ती थांबते. ग्वेनच्या मृत्यूने मेरी जेनला माणूस केलं, आणि पुढची कित्येक वर्षं ही मालिका त्या एका निर्णयावर उभी राहिली. ग्वेनची प्रतिरूपं आली, दुसऱ्या विश्वांतल्या ग्वेन आल्या, पण पुलावर मेली ती कित्येक दशकं परतली नाही. म्हणून ते पान आजही खरं वाटतं.

१९९२ च्या नोव्हेंबरमध्ये विक्रीला आलेला ‘सुपरमॅन’चा ७५ वा, नायकाच्या मृत्यूचा अंक साधारणपणे बाजारूपणाचा नमुना म्हणून सांगितला जातो. काळी पिशवी, आत शोकाची दंडपट्टी, लाखो प्रतींची विक्री, आणि पुढे किमती वाढतील म्हणून न उघडताच जपून ठेवलेले अंक. हे सगळं घडलं, आणि सट्ट्याच्या त्या लाटेने पुढे या धंद्याचं कंबरडंही मोडलं. १९९६ मध्ये मार्व्हलने दिवाळखोरी जाहीर केली. पण त्या कथेची कारागिरी विसरू नये. त्याला मारणाऱ्या डूम्सडे या राक्षसाबरोबरच्या लढाईत आधीच्या अंकांत प्रत्येक पानावर चार चौकटी, मग तीन, मग दोन, आणि शेवटच्या अंकात डॅन जर्गेन्स पानभर एकच चित्र देतात. वाचकाला श्वास घ्यायची जागा उरत नाही.

पुनरागमनही त्यांनी फुकटात उरकलं नाही. सुपरमॅनच्या जागी चौघे आले. त्यांतला जॉन हेन्री आयर्न्स हा शस्त्रांचा धंदा सोडून आलेला इंजिनिअर. सुपरमॅनने कधीकाळी आपला जीव वाचवला, त्याची परतफेड म्हणून तो पोलादी चिलखत चढवतो. १९९३ मध्ये सुपरमॅन परतला, तरी आयर्न्स ‘स्टील’ म्हणून उभाच राहिला. मधल्या काळात बेचिराख झालेलं कोस्ट सिटीही लगेच पुन्हा वसलं नाही. आपलं हे शहर गेल्याच्या दुःखाने ग्रीन लँटर्न हॅल जॉर्डनचा पुढे ऱ्हास झाला. नायक परतला, पण हिशेब कोरा झाला नाही.

उलट उदाहरण जीन ग्रेचं. १९८० मध्ये ‘एक्स-मेन’च्या १३७ व्या अंकात ख्रिस क्लेअरमाँट आणि जॉन बर्न यांना तिला जिवंत ठेवायचं होतं. अब्जावधी जीवांचा संहार करून ती मोकळी सुटू शकत नाही, असं मुख्य संपादक जिम शूटर यांनी बजावलं आणि शेवट बदलला. चंद्रावर, प्रियकर स्कॉटच्या डोळ्यांदेखत ती स्वतःला संपवते. गुन्हा तिचा, प्रायश्चित्तही तिचंच; ही या कलेतली अस्सल शोकांतिका होती. १९८६ मध्ये नव्या मालिकेसाठी सांगण्यात आलं की खरी जीन तर जमैका बेच्या तळाशी एका कोशात निजली होती आणि मेली ती तिचं रूप घेतलेली शक्ती. एका खुलाशात गुन्हाही गेला, त्यागही गेला. त्याहून वाईट म्हणजे तोवर संसाराला लागलेला स्कॉट बायको मॅडलिन आणि तान्ह्या मुलाला टाकून जीनकडे धावला, आणि मॅडलिनला पुढे खलनायिका करून मारण्यात आलं. जीनच्या जगण्याची किंमत मॅडलिनने मोजली.

फ्लॅशच्या बाबतीतही तेच झालं. १९८५ मध्ये तेव्हाचा फ्लॅश बॅरी ॲलन विश्व वाचवताना मेला. त्याचा शागीर्द वॉली वेस्ट वीस वर्षांहून अधिक काळ फ्लॅश म्हणून वाढला, त्याचं लग्न झालं, त्याला मुलं झाली. २००८ मध्ये बॅरी परतला आणि २०११ च्या नव्या मांडणीत तो वॉली काही वर्षं जगातून नाहीसाच झाला. ज्या वाचकांनी त्याच्याबरोबर तारुण्य घालवलं होतं, त्यांना त्यांचा फ्लॅश नकली होता असंच जणू सांगण्यात आलं.

याच कलेला हे नीट जमतंही. २००५ मध्ये एड ब्रुबेकर यांनी कॅप्टन अमेरिकाचा मेलेला साथीदार बकी बार्न्स याला परत आणलं ते शत्रूच्या हातचा मारेकरी म्हणून. त्याच्या मृत्यूबद्दलचं कॅप्टनचं जुनं अपराधीपण त्याने कमी झालं नाही, वाढलं. त्याच वर्षी जेसन टॉड परतला. १९८८ मध्ये वाचकांनी फोनवर ५,३४३ विरुद्ध ५,२७१ मतांनी ज्याला मारलं होतं, तो हा बॅटमॅनचा साथीदार रॉबिन. त्याला परत आणण्याची युक्ती कच्ची होती, पण त्याचा सवाल पक्का होता: मला मारणारा जोकर अजून जिवंत कसा? बॅटमॅनला त्याचं समाधानकारक उत्तर आजही देता येत नाही.

अलीकडचं चित्र मात्र काळजीचं आहे. २०१९ मध्ये जोनाथन हिकमन यांनी ‘एक्स-मेन’मधल्या क्राकोआ बेटावरच्या म्युटंटांना पुनर्जन्माची रीतसर व्यवस्थाच दिली आणि मृत्यूच नसलेला समाज कसा बदलेल, हा विचार धीटपणे मांडला. पण २०२३ मध्ये कमला खान या तरुण नायिकेला स्पायडर-मॅनच्या मासिकात मारून, दोन महिन्यांच्या आत त्याच व्यवस्थेने उठवलं गेलं. तिचे आई-वडील, तिची जर्सी सिटी, तिचे मित्र यांना शोक करायलाही उसंत मिळाली नाही. असा मृत्यू म्हणजे निव्वळ जाहिरात.

मराठी वाचकाला दुसरी वाट फार पूर्वीपासून ठाऊक आहे. इंद्रजाल कॉमिक्समधून आपल्याकडे आलेला ली फॉक यांचा वेताळ पिढ्यान्‌पिढ्या मरतो. बाप गेला की मुलगा शपथ घेतो आणि जगाला वाटतं तो अमर आहे. रॉबर्ट कर्कमन यांनी तर ‘इन्व्हिन्सिबल’ ही सुपरहिरो मालिका २००३ मध्ये सुरू करून १४४ अंकांनंतर २०१८ मध्ये संपवून दाखवली. हक्क निर्मात्यांकडे होते म्हणून ते शक्य झालं.

मार्व्हल आणि डीसी आपले नायक संपवणार नाहीत, आणि तसा हट्ट धरण्यात अर्थ नाही. मात्र मृतांना परत आणणाऱ्या संपादकांनी एवढं पथ्य पाळायलाच हवं: परतणाऱ्याला परतू द्या, पण मधल्या काळात जे वाढले त्यांची जागा हिरावू नका. वाचकानेही सुपरहिरोच्या मृत्यूचा अंक घेण्याऐवजी त्याच्यानंतरचं वर्ष वाचावं. ती कथा खरी होती की नाही, हे तिथेच ठरतं.