पानावरचा नियम आणि मनांतला नियम

पत्त्यांच्या खेळाविषयीं वाङ्मयीन मासिकांत लिहावें कीं काय, अशी शंका कांहीं वाचकांस येईल. पत्ते म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, अशीच आपल्या सुशिक्षित घरांतील समजूत आहे. सुटीच्या दुपारीं मुलांनीं पांच-तीन-दोन किंवा झब्बू खेळावा, यापलीकडे या विषयाला आपण मान देत नाहीं. परंतु ज्या वस्तूचा अर्थ नियमांनीं ठरतो, ज्या नियमांना स्वतःची भाषा असते आणि त्या भाषेच्या अर्थावरून शहाणीं माणसेंहि भांडतात, ती वस्तु टीकेच्या कक्षेंतलीच आहे, असें आम्ही समजतों. पान लावणें आणि वाक्याचा अर्थ लावणें हीं कामें वाटतात तितकीं एकमेकांपासून दूरचीं नाहींत.

आमच्यापुढें येथें दोन खेळ आहेत. एक कोंकणांतला, तर दुसरा सातासमुद्रांपलीकडचा. सावंतवाडी संस्थान १९४८ सालीं विलीन होऊन रत्नागिरी जिल्ह्यांत आलें आणि १९८१ सालीं सिंधुदुर्ग जिल्हा निराळा होईपर्यंत त्यांतच होतें. तेव्हां सावंतवाडीची गंजिफा रत्नागिरीच्या वाचकाला परकी नाहीं. दुसरा खेळ रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञानें रचलेला 'मॅजिक : द गॅदरिंग'. तो १९९३ सालीं निघाला, आणि पानें जमवावयाचीं, त्यांची अदलाबदल करावयाची व त्यांतून आपला जोड आपणच रचून खेळावयाचें, असा एक नवा प्रकार त्यापासून जगभर रूढ झाला. त्या जातीचीं पानें आज आपल्या शहरांतील मुलांच्या हातांतहि दिसतात. हे दोन खेळ शेजारीं शेजारीं ठेवून पाहिले म्हणजे पान आणि नियम यांच्या नात्याचीं दोन टोकें स्पष्ट होतात.

प्रथम गंजिफा घेऊं. बाबरानें १५२७ सालीं सिंधमधील शाह हसन यास गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रांत आहे. पुढें अबुल फजलानें 'आईन-इ-अकबरी'मध्यें या खेळाचें वर्णन केलें. मोगली गंजिफेंत आठ रंग व ९६ पानें असतात, तर आपल्याकडील दशावतारी गंजिफेंत मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग व १२० पानें. प्रत्येक रंगांत राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानें. तिघे भिडू बसले म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ४० पानें येतात. पान वाटोळें असतें, चितारी त्यावर अवताराचें चित्र किंवा त्याचीं चिन्हें काढतो. परंतु तें पान काय करतें, हें सांगणारें वाक्य त्यावर नसतें.

तें सारें खेळणारानें मनांत बाळगावयाचें. राजा व प्रधान यांच्याखालीं पानांचा क्रम सर्व रंगांत सारखा नाहीं. निम्म्या रंगांत दश्शी प्रधानाच्या लगत बसते आणि एक्का तळाशीं जातो; उरलेल्या निम्म्या रंगांत एक्का प्रधानाच्या लगत येतो आणि दश्शी तळाशीं. एकाच संख्येचें पान एका अवताराच्या घरीं श्रीमंत, तर दुसऱ्याच्या घरीं दरिद्री! डाव दिवसा मांडला असेल तर रामाचा राजा ज्याच्या हातीं त्याची पहिली उतारी. रात्रीं मांडला असेल तर तो मान कृष्णाच्या राजाला. दिवस कीं रात्र हें पानाला ठाऊक नसतें, तें बसलेल्या मंडळींनीं ठरवावयाचें.

याहून मार्मिक गोष्ट हुकुमाची. आपल्या नेहमींच्या पत्त्यांत एक रंग हुकूम ठरतो आणि त्याची दुर्रीहि दुसऱ्या रंगाच्या एक्क्याला मारते. गंजिफेंत असा हुकुमाचा रंग नाहीं. एखाद्या रंगांतलें वरचें पान पडून गेलें, कीं त्याच्या खालचें हुकूम होतें. राजा पडला कीं प्रधान हुकूम. दोघेहि पडले कीं त्या रंगाच्या रीतीप्रमाणें दश्शी किंवा एक्का. हातांतलें पान तेंच राहतें, परंतु त्याचा अधिकार प्रत्येक हाताबरोबर बदलतो. जो १२० पानांपैकीं कोणतीं पडलीं हें ध्यानांत ठेवील, त्यालाच आपल्या हातांतल्या पानांची खरी किंमत कळेल. पानाचें सामर्थ्य पानांत नाहीं, गेलेल्या पानांच्या स्मरणांत आहे, हें या खेळाचें तत्त्व आम्हांस एखाद्या उत्तम कथेच्या रचनेइतकें सुंदर वाटतें.

नव्या खेळांत नेमकें उलट आहे. तेथें जवळजवळ प्रत्येक पानावर मजकूर असतो, आणि तो मजकूर हाच त्या पानापुरता नियम. आजवर २०,००० हून अधिक निरनिराळीं पानें निघालीं आहेत आणि सर्वसामान्य नियमांचा ग्रंथ दोनशेंहून अधिक पृष्ठांचा झाला आहे. त्या ग्रंथाचें पहिलें तत्त्वच असें, कीं पानावरचा शब्द आणि ग्रंथांतला नियम यांचा विरोध आला तर पानाचा शब्द खरा. दुसरें तत्त्व असें, कीं एक पान 'करावें' म्हणत असेल आणि दुसरें 'करतां येणार नाहीं' म्हणत असेल, तर निषेध बलवान.

दोन पानें एकमेकांवर आदळलीं म्हणजे काय होतें, तें एका सोप्या उदाहरणानें पाहूं. एका भिडूपाशीं दोन बळाचा आणि दोन घाव सोसणारा प्राणी आहे. प्रतिपक्षी त्यावर तीन घाव घालणारें 'लाइटनिंग बोल्ट' हें पान टाकतो. तें फळण्यापूर्वीं पहिला भिडू 'जायंट ग्रोथ' टाकतो. त्यानें त्या पाळीपुरतें प्राण्याचें बळ आणि सोसण्याची शक्ति हीं दोन्ही तीन-तीननें वाढतात. नियम असा, कीं शेवटीं टाकलेलें पान आधीं फळतें. ताटांच्या चळतींतलें वरचें ताट आधीं उचलावें तसें. म्हणून प्राणी आधीं वाढतो, मग घाव बसतो, आणि प्राणी वांचतो. परंतु त्या भिडूनें उतावीळपणें वाढीचें पान आधीं टाकलें आणि प्रतिपक्ष्यानें त्यावर घाव घातला, तर घाव आधीं फळेल आणि वाढ येईपर्यंत प्राणी मेलेला असेल. पानें तींच, शब्द तेच. केवळ क्रम बदलल्यानें अर्थ उलटा झाला. ज्यानें प्रत्येक पान सुटें सुटें पाठ केलें, त्याला हा खेळ समजला असें म्हणतां येत नाहीं.

आतां एक कठीण प्रसंग घेऊं. १९९७ सालचें 'ह्युमिलिटी' हें मंत्राच्या जातीचें पान म्हणतें, कीं सर्व प्राण्यांनीं आपापले गुण गमवावे आणि त्यांचें बळ व शक्ति एक-एकच राहावी. १९९९ सालचें 'ओपालेसन्स' म्हणतें, कीं त्याच्याखेरीज पटावरचे बहुतेक मंत्र प्राणी व्हावे आणि ज्याला जेवढें मोल पडलें तेवढें त्याचें बळ व शक्ति असावी. दोन्ही पटावर आलीं म्हणजे 'ह्युमिलिटी' स्वतःच प्राणी होतें! मग तें आपलाच गुण हिरावून घेईल काय? घेतला तर हिरावणारा गुण कोठें उरला? न घेतला तर 'सर्व' या शब्दाचा अर्थ काय? ग्रंथाचा निवाडा पाहण्यासारखा आहे. आधीं कोण कोणत्या जातीचा तें ठरवावें, मग गुणांची देवघेव, शेवटीं आकडे. एका पायरीवर सुरू झालेलें कार्य मधेंच त्याचा आधार नाहींसा झाला तरी पुढील पायरीवर पुरें व्हावें. आणि आकड्यांविषयीं दोन पानांचा झगडा पडला, तर पटावर मागाहून आलेलें पान खरें. 'ह्युमिलिटी' मागाहून आलें असेल तर तें स्वतः एक-एकचें प्राणी होतें. 'ओपालेसन्स' मागाहून आलें असेल तर चार-चारचें.

हें वाचून आपल्याकडील शास्त्रांची आठवण व्हावी, यांत नवल नाहीं. सामान्य नियमाला विशेष नियम बाधतो, हें व्याकरणांतलें उत्सर्ग आणि अपवाद यांचें नातें. दोन तुल्यबल नियमांत विरोध आला असतां सूत्रपाठांत पुढें आलेला नियम घ्यावा, अशी व्यवस्था पाणिनीनें केली. तेथें पाठाचा क्रम आणि येथें काळाचा, हा भेद आहेच. परंतु गरज एकच. वाक्यांचा विरोध मिटविण्याची हीच विद्या मीमांसकांनीं वाढविली. 'धर्मशास्त्राचा इतिहास' लिहिणारे महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे १८८० सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतच जन्मले, आणि मीमांसेचे अर्थ लावण्याचे नियम धर्मशास्त्राला कसे लागू पडतात, याचा त्यांनीं विस्तारानें ऊहापोह केला. पत्त्यांच्या खेळाला शास्त्राच्या पंक्तीस बसवावें, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु 'ह्युमिलिटी'वरून वाद घालणारा मुलगा नकळत शब्दार्थाचा अभ्यास करीत असतो, एवढें घरांतील वडीलधाऱ्यांनीं ध्यानांत घ्यावें.

मात्र नव्या खेळाचा दोष झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. तेथें नियम हाच विक्रीचा माल आहे. पानें बंद पाकिटांतून विकलीं जातात. आंत काय निघेल हें घेणारास ठाऊक नसतें. दुर्मिळ पानाची किंमत चढते, आणि बुद्धीइतकेंच खिशाचें बळहि पटावर येऊन बसतें. नवा संच विकावयाचा म्हणून नवे अपवाद लिहावे लागतात. अपवादांवर अपवाद चढून ग्रंथ फुगतो. गंजिफेंत हा अन्याय नाहीं. एकाच डब्यांतलीं १२० पानें पिसून सर्वांस वाटलीं जातात. वाईट पानें आलीं तर तो दैवाचा दोष.

परंतु आमच्या मतें खरी चिंता गंजिफेचीच आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ही कला नामशेष होण्याच्या बेताला आली असतां राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनीं राजवाड्यांतच तिला आश्रय देऊन ती जगविली. हें ऋण मोठें आहे. परंतु जगली ती चित्रकला. खेळ जगला असें कसें म्हणावें? जोड विकत घेणारे पुष्कळ जण तो दिवाणखान्यांत काचेमागें ठेवतात. अशा पानाला राजा कोणता आणि प्रधान कोणता हें विचारणारा कोणी उरत नाहीं. ज्या पानाचा सारा अर्थ खेळणारांच्या स्मरणांत होता, तें स्मरण गेलें म्हणजे उरतें तें केवळ रंगविलेलें चक्र. नव्या खेळाच्या पानाला हें भय कमी. त्याचा नियम त्याच्या अंगावरच छापलेला आहे.

म्हणून परक्या खेळाकडून एक गोष्ट घ्यावी, असें आम्हांस वाटतें. त्याच्या चालकांनीं नियम लिहून ठेवले, वादाचे प्रसंग नोंदले, नवीं पानें निघतांच ग्रंथ सुधारला आणि निवाड्यासाठीं पंच तयार केले. गंजिफेला इतका विस्तार नको. परंतु रंगांचा क्रम, उताऱ्यांचा अधिकार, हुकूम कोणता आणि कोठें वाद पडतो, निरनिराळ्या गांवांतील रीतींत भेद कोणता, इतकें तरी ज्यांना खेळ येतो त्यांच्याकडून आजच लिहून घेतलें पाहिजे. डब्याबरोबर एखादें माहितीपत्रक असलें तरी तेवढ्यानें भागणार नाहीं. कारण नियम पाठ केल्यानें येत नाहीं, पान पडतें त्या क्षणीं तो समजतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गांतल्या ज्या घरीं गंजिफेचा जोड असेल, त्या घरीं तो खालीं काढून तिघांनीं एकदां तरी बसावें. मुलें आधीं चुकतील, वडील त्याहून अधिक चुकतील. पण रामाचा राजा पडल्यावर प्रधान हुकूम झाला, हें एका मुलाच्या ध्यानांत आलें कीं काचेमागचें चित्र पुन्हां पान होईल.